चार बोटं जागा

उस्ताद, तुमचं तेरावं होऊन नऊ दिवस झाले आणि दहाव्या दिवशी मी पाना हातात घेतला.

संतोषचा हुकूमच होता. "आई, रविवारी गाडी बघायला माणूस येतोय. केबिन मोकळी कर. पडदे, गोधड्या, ते तुझं स्वयंपाकघर, सगळं काढ. कंपनीतून आली तशी दिसली पाहिजे. लोकांना बारा टायरी ट्रक घ्यायचा असतो, बिऱ्हाड नाही." मी म्हटलं, काढते. पण कामाला माणूस लावायचा नाही. जे मी आणि तुझ्या बापानं लावलंय ते मीच उतरवणार. तर पोरगा विचारतो, "तुला चढता येईल का वर?" सात वर्षं मी काय शिडी लावून चढत होते?

म्हणजे चार दिवस होते मला. सात वर्षांचं बिऱ्हाड चार दिवसांत उतरवायचं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बाई, घाई नको करू, बोल्टाचे आटे जातात." तुम्ही मला बाई म्हणायचात, कारण मी बालवाडीची बाई. मी तुम्हाला उस्ताद, कारण सगळा रस्ताच तुम्हाला उस्ताद म्हणायचा. एकमेकांना नावानं हाक मारायची आपल्याकडं सोय नव्हती, मग दोघांनी पदव्या वापरल्या.

पाना हातात घेऊन मी आधी तासभर नुसती माझ्या सीटवर बसून राहिले आणि जुन्या मलाच हसले. हसण्यासारखी होतेच मी. एकोणीस वर्षांची होते तेव्हा मामा स्थळ घेऊन आले आणि म्हणाले, "मुलगा गाडीवर असतो." मी ऐकलं, "मुलाकडं गाडी असते." मैत्रिणींना सांगून बसले की लग्नानंतर आम्ही अजिंठ्याला गाडीनं लेणी बघायला जाणार. गाडी आली ती लग्नानंतर आठ दिवसांनी. दुसऱ्याच्या मालकीची, कांद्यानं भरलेली. तुम्ही वरूनच हात केला आणि निघून गेलात. मैत्रिणी विचारत होत्या, "तुला बसायला जागा नव्हती का गं?"

जागा नव्हतीच. पुढची छत्तीस-सदतीस वर्षं नव्हती. महिन्यातले वीस-बावीस दिवस तुम्ही बाहेर, मी इकडं पोरांचं आणि बालवाडीचं बघत. नंतर स्वतःची गाडी झाली, पोरांची लग्नं झाली, आणि एक दिवस बालवाडीही बंद झाली. छप्पन्न वर्षांची मी रिकाम्या घरात बसले आणि तुम्हाला म्हणाले, "पुढच्या खेपेला मी येणार."

"कुठं?"

"तुम्ही जाल तिथं."

"बाई, ती केबिन आहे. माहेर नाही."

"माहेरी मी कधी जाते? केबिनीत येते."

तुम्ही म्हणालात, "बघू." तुमच्या तोंडी बघू म्हणजे नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. म्हणून मी विचारायचं सोडलं आणि सामान बांधलं.

काय बांधलं, ते तुम्ही चारचौघांत सांगून सांगून मला जेरीस आणलं होतं, तर आता मीच सांगते. सहा साड्या, लोखंडी तवा, पोळपाट, देव्हाऱ्यातला गणपती आणि दही लावलेला डबा. वाळूजच्या त्या ट्रान्सपोर्टच्या आवारात सगळे ड्रायव्हर-क्लीनर बघताहेत आणि मी एक पाय पायरीवर, एक पाय जमिनीवर, मधे साडी ताणलेली, अशी अडकून उभी. वर जाता येईना, खाली येता येईना. शेवटी तुम्ही मागून ढकललं मला. लग्नात सुद्धा चारचौघांत तुम्ही मला हात लावला नव्हता. कुणीतरी ओरडलं, "उस्ताद, माल जड है!" आणि मी आत पडले ती पोळपाटावर.

दोन्ही सीटांच्या मधे इंजिनाचं ते उंच बोनट. दिसायला कसं छान, ओट्यासारखं. मी त्यावर दह्याचा डबा ठेवला. बीड येईपर्यंत दह्याचं पनीर झालं आणि तुळजापूर येईपर्यंत माझ्या उजव्या मांडीचं. तुम्ही सोलापुरात गाडी उभी केली, दुकानातून जाड रबराचा पत्रा आणून बोनटवर कापून बसवला, वर माझ्याच सहा साड्यांतली एक घडी करून टाकली आणि म्हणालात, "पाचच आणायच्या होत्या."

तिथून सुरुवात झाली. त्या खेपेत मी ठरवलं होतं की घरी पोचले की परत नाही. घरी पोचले आणि दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यात पडद्याचं कापड घ्यायला गेले.

पडद्यांवरून भांडण झालं. मला चहूबाजूंनी पडदा पाहिजे, तुम्हाला आरसा दिसला पाहिजे. मग उभी असताना लावायचे आणि चालताना गुंडाळायचे, अशी सुतळी तुम्ही बांधून दिलीत. पायरीखाली तुम्ही आणखी एक पायरी वेल्डिंग करून घेतली, ती पहिल्याच गतिरोधकावर घासून वाकडी झाली. मग दुमडणारी केली. छोटा पंखा, डबे अडकवायला हूक, पाच किलोच्या सिलिंडरला पट्टा. साड्यांचं मी नंतर असं केलं की गल्लीतून निघताना साडी आणि शहर संपलं की पडदा ओढून पंजाबी ड्रेस. परत येताना उलट. शेजारच्या बायकांना सात वर्षं पत्ता लागला नाही. आता लागेल. लागू दे.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मी तुम्हाला कधी चांगला शब्द बोलले नाही, कारण ती बोलायची लाज वाटायची. ड्रायव्हर लोक रस्ता ढाब्यांनी ओळखतात. तुम्ही माझ्यापायी तो संडासांनी पाठ केलात. कुठल्या पंपावर दाराला कडी आहे, कुठं पाणी असतं, कुठं कुलूप लावून चावी ऑफिसात ठेवतात. आधी तुम्ही उतरायचात, चावी मागायचात, आत डोकावून यायचात आणि मग लांबूनच मान हलवायचात. आरशात बघत एवढी मोठी गाडी चालवणारा माणूस माझ्यासाठी बादलीत पाणी आहे का बघून यायचा. थँक्यू म्हणायची आपल्यात पद्धत नाही. म्हणून इथं लिहिते.

फुकट मात्र बसले नाही मी. क्लीनर सोडून गेल्यावर तुम्ही दुसरा ठेवला नाही, त्याचं काम माझ्याकडं आलं. तिकडं दक्षिणेत होसूरला एका कारखान्याच्या आवारात गाडी मागं घ्यायची होती, मी मागं उभी. मागं सिमेंटचा खांब. मी आपली मर्यादेनं सांगतेय, "अहो, या. या. अहो, ऐकलं का, जरा थांबता का—" माझं वाक्य संपायच्या आत मागचा दिवा फुटला होता.

तुम्ही उतरलात, दिवा बघितला, मला बघितलं. "बाई, अहो-जाहो करेपर्यंत गाडी दोन फूट जाती. मागं घेताना मी तुझा नवरा नाय. आन दे म्हणायचं, आन दे, आन दे, बस्स!"

"तुम्हाला अरे-तुरे करू मी?"

"गाडीला कर. मी आत बसलोय एवढंच."

मग काय, मला चटकच लागली. बालवाडीत चाळीस पोरांवर ओरडलेला गळा तो. "आन दे! डावीकडं घे! अरे घे की! बस्स!" आणि गाडीच्या मागच्या फळीवर जोरात थाप. नंतर केबिनीत चढले की परत अहो. ड्रायव्हर लोक हसायचे. म्हणायचे, उस्तादला पुढं जाताना मान आहे, मागं येताना नाय.

ह्या सगळ्यात एक भांडण मिटलं नाही, ते झोपायचं. दिवसा शहरांत मोठ्या गाड्यांना बंदी, म्हणून आपण दुपारी नाक्याबाहेर थांबायचो आणि पडदे लावून झोपायचो. सीटांच्या मागची ती झोपायची फळी, पावणेदोन फूट रुंद. कंपनीनं ती एका माणसासाठी केलेली, आणि तोही बारीक. आपण दोघं उलटसुलट निजायचो. माझं डोकं तुमच्या पायाशी, तुमचं माझ्या. तुम्ही झोपण्याआधी साबणानं पाय धुऊन यायचात, हे मान्य. तरी सात वर्षांत, म्हणजे त्यातली पहिली पाच वर्षं, मी नवऱ्यापेक्षा त्याच्या अंगठ्याला जास्त ओळखू लागले होते.

मी म्हणायचे, "माझं सीट चार बोटं पुढं घ्या. मागं तेवढीच फळी वाढवू. सरळ निजता येईल."

"तुझे गुडघे पुढं टेकतील. ब्रेक मारला तर वाट्या फुटतील."

"गुडघे माझे, वाट्या माझ्या."

"आन दवाखाना कुणाचा?"

तुळजापूरला सुरू झालं की विजयपूरपर्यंत चालायचं. मी म्हणायचे, तुम्हाला मी जवळ झोपलेली नको असते, असं सांगा ना सरळ. तुम्ही म्हणायचात, बघू. आणि मी गप्प बसायचे, कारण बघूचा अर्थ मला माहीत होता. मला सगळं माहीत असायचं तेव्हा.

मग ज्योतीचं बाळंतपण आलं. लेकीकडं मी दोन महिने राहिले, तुम्ही एकटे खेपा करत होतात. परत आले, गाडीत चढले, आणि पहिल्याच दुपारी गंमत म्हणून तुमच्या शेजारी आडवी झाले तर चक्क मावले. दोघंही एकाच बाजूला डोकं करून. मी उठून बसले. "अहो, मी बारीक झाले!"

तुम्ही माझ्याकडं नीट बघितलंत आणि म्हणालात, "व्हय. वाळलीस."

"लेकीकडं लई राबले मी."

"दिसतंय की."

त्या दिवसापासून मी बारीक झाले. नणंदेला फोन करून सांगितलं. ब्लाऊज आटवून घेतले, ते घट्ट झाले तर शिंप्याला शिव्या घातल्या. आणि स्वतः बारीक झालेल्या बाईला दुसऱ्याचं पोट दिसायला लागतं, तसं मला तुमचं दिसायला लागलं. स्टेअरिंग पोटाला टेकत होतं तुमच्या. वळण आलं की तुम्ही श्वास आत ओढायचात. मी म्हटलं, भात कमी करा. दक्षिणेच्या खेपांनी तुम्हाला भाताची चटक लागली होती, दही-भात, सांबार-भात. दोन मुदींची मी एक केली. तुम्ही ताटाकडं बघायचात, माझ्याकडं बघायचात आणि जेवायचात. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. चित्रदुर्गच्या ढाब्यावर सगळ्या ड्रायव्हरांच्या समोर मी म्हणाले, "लेकीचं झालं, आता आमच्या उस्तादला सातवा लागलाय." सगळे हसले. तुम्ही सगळ्यात जास्त हसलात.

दोन वर्षं चाललं हे.

गेलात ते घरी, खुर्चीत, सकाळी चहा पिऊन. होसूरहून येऊन दोनच दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले, एका क्षणाचं काम. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. फक्त एक सांगते, कारण तुम्हाला आवडलं असतं. शववाहिका आपल्या गल्लीत उलटी आणावी लागत होती, वाळूजजवळच्या रांजणगावची ती गल्ली, दोन्हीकडं मोटारसायकली, आणि मागं उभं राहून सांगणारं कुणी नाही. सगळे पुरुष आपले हात बांधून उभे. तो ड्रायव्हर पोरगा पुढं-मागं करतोय, घाबरलाय. मी बायकांतून उठले, गाडीच्या मागं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आन दे. आन दे. उजवीकडं घे. आन दे. बस्स." आणि थाप मारली. नणंद म्हणाली, वहिनीचं डोकं फिरलं. गाडी मात्र बरोबर दारात लागली.

तर पाना. पहिल्या दिवशी पडदे उतरवले. दुसऱ्या दिवशी हूक आणि पंखा. तिसऱ्या दिवशी खालचं मॅट उचललं, झाडून घ्यावं म्हणून, आणि तुमच्या सीटखाली चार बोल्ट दिसले, नवे, चकचकीत. त्यांच्या मागं चार जुनी भोकं, पुट्टी भरून बुजवलेली. मी नव्या बोल्टापासून जुन्या भोकापर्यंत बोटं ठेवून बघितली. चार बोटं. मग फळीवरची गादी उचलली. तुमच्या सीटच्या मागं, पार टोकापर्यंत, फळीला दुसरी फळी जोडलेली. चार बोटं रुंद. मधल्या सांध्यावर रबराची पट्टी मारलेली, चिमटा बसू नये म्हणून.

मी खाली उतरले, रिक्षा केली आणि वाळूजच्या रस्त्याला सलीमभाईच्या दुकानात गेले. तुमच्या गाड्यांच्या गाद्या तेच करतात, आणि खोटं बोलायला लागले की टोपी सारखी करतात.

"सलीमभाई, उस्तादचं सीट पुढं कुणी घेतलं?"

टोपी सारखी केली. "गद्दी बदली थी भाभी."

"सलीमभाई."

तेव्हा बसले ते स्टुलावर. "आप बेटी के वहाँ थे ना, तब आए थे. मैं बोला, क्लीनर साइड का सीट आगे लेते. बोले, नक्को, उसके घुटने लगते. मेरा लेव. मैं बोला, उस्ताद, आप चलाते कैसा? बोले, चला लेतूं."

"मला का नाही सांगितलं?"

"बोले, बाई को मालूम पडा तो होसूर तक लडेगी, और वापस पीछे लेने को लगाएगी."

लावलंच असतं. शपथ, उस्ताद, बीडच्या आत लावलं असतं. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतं, आणि मी तुमच्या त्या बघूचा अर्थ चाळीस वर्षं चुकीचा लावला होता.

घरी येऊन मी भात लावला. दोन मुदी वाढून घेतल्या आणि खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी शुगरच्या डॉक्टरांकडं माझीच गोळी आणायला गेले होते, तर ते म्हणाले, "काकांचा भात तुम्ही कमी केलात ते चांगलंच केलंत, शुगर किती छान राहिली होती." म्हणजे चुकीच्या कारणानं का होईना, तिथंही माझंच बरोबर निघालं. तुम्ही असता तर मी हे वर्षभर ऐकवलं असतं. आता कुणाला ऐकवू? पोट नव्हतंच सुटलेलं तुमचं. तेच सांगायचं राहिलं. सातवा लागलाय म्हणाले, ते तोंडातून परत घेता येत नाही, म्हणून लिहून ठेवते की ती बाई मूर्ख होती. आणि बारीकही नव्हती.

शनिवारी संध्याकाळी संतोष आला. "आई, सीट पुढं का आहे एवढं? मागं घ्यायला पाहिजे. तो माणूस उंच आहे." मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मॅट उचलून ती बुजवलेली भोकं बघितली. मग खाली बघत म्हणाला, "तरी पण आई, घेणाऱ्याला त्याचं काय? चार बोल्टचं काम आहे. मी घेऊ का मागं?"

"बघू," मी म्हटलं. आणि पाना माझ्या पिशवीत टाकला.

त्या चार बोटांसाठी तुम्ही दोन वर्षं श्वास आत ओढलात. ती माझ्या हातानं मिटवायची नव्हती मला, आणि संतोषच्या हातानं तर मुळीच नाही. पण गाडी घरात ठेवून पूजा करण्यातली मी नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. उभी गाडी गंजते. म्हणून पडदे मी परत लावले, गादी परत घातली, बोनटवर गोधडी टाकली. घेणार तो असंच घेईल, नाहीतर दुसरा बघू.

रविवारी तो आला. अजिंठ्याकडचा पोरगा, पंचविशीचा, चांगला सहा फुटी. मोटारसायकलवर मागं बायको, तोंडाला रुमाल बांधलेली. पोरगं इंजिन बघून आलं, टायर बघून आलं आणि तुमच्या सीटवर जाऊन बसलं. गुडघे स्टेअरिंगला लागले.

"आजी, ह्ये सीट लई पुढं हाय. हितं माझ्यासारखा बसतच नाय."

संतोष पुढं झाला. "मागं घेऊन देतो आत्ताच्या आत्ता."

मी माझ्या सीटवर बसलेली. पिशवी मांडीवर होती.

इतक्यात ती पोरगी दुमडीची पायरी उलगडून आपली आपण वर आली. पडदा हातानं बघितला, हूक बघितला, मागं फळीवर जाऊन बसली आणि मग चपला काढून सरळ आडवीच झाली. छताकडं बघत म्हणाली, "आजी, तुमी दोगं जायचात व्हय हिच्यात?"

"सात वर्षं."

"मावायचात?"

"शेवटची दोन वर्षं."

ती उठून बसली. फळीवर हात फिरवला, जोडलेल्या पट्टीवर बोट थांबलं. पोरगी हुशार आहे, उस्ताद. मला जे दोन वर्षांत कळलं नाही ते तिला दोन मिनिटांत कळलं. नवऱ्याला म्हणाली, "सीट मागं नाय घ्यायचं."

"अगं, माझे गुडघे—"

"मागं घेतलं तर हितं काय ऱ्हातंय? मी येनार म्हनलं ना संगं."

"कवा म्हनलीस तू?"

"आता म्हनलं की."

"आन घरी आयला कोन बघल?"

"तुजी बहीन हाय ना तितंच गल्लीत! का ती नुसती भाऊबीजेला?"

"तू खाली उतर आधी."

"नाय उतरत. मग तुजं घे मागं. माज्या बाजूचं घे पुढं."

"तुजे गुडगे फुटतेल ना येडे!"

मी पिशवी उचलली, पायरीवरून खाली उतरले आणि दार बाहेरून लावून घेतलं. संतोष घाबरून माझ्या मागं आला. "आई, तू उतरलीस कशाला? आत जाऊन काहीतरी सांग, नाहीतर सौदा मोडेल."

आतून दोघांचेही आवाज चढले होते. पडदा हलत होता.

"मोडत नाय," मी म्हटलं. "जागेवरून भांडायलेत म्हंजे गाडी घेतली त्यांनी."